मुकी, पण जागी गाडी

‘हायब्रीड’ हा शब्द मराठी घरात प्रथम आला तो ज्वारीच्या पोत्यातून. साठच्या दशकात संकरित ज्वारीचे बियाणे शेतात गेले, कणसे भरघोस आली आणि भाकरीची चव मात्र गेली, अशी तक्रार जुनी माणसे अजूनही करतात. मागोमाग संकरित गाय आली. आता त्याच नावाची मोटारगाडी आली आहे. फरक एवढाच की, ज्वारीत दोन वाणांचा संकर झाला की ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. या गाडीत मात्र वीज आणि पेट्रोल शेवटपर्यंत वेगळी राहतात. एका छपराखाली दोन चुली मांडाव्यात तसा हा संसार आहे, आणि प्रत्येक चुलीचे सोवळे निराळे आहे.

कला शाखेच्या अंकात मोटारीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. विज्ञान शाखेच्या मित्रांना तर हसूच येईल. परंतु हा प्रश्न यंत्रापेक्षा माणसाच्या सवयीचा अधिक आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण मोटार कानाने ओळखत आलो. घरघर ऐकू आली म्हणजे गाडी चालू, थांबली म्हणजे बंद. भाषेच्या तासाला आपण शब्द आणि अर्थ यांचे नाते शिकतो. आवाज आणि ‘चालू’ यांचे नाते तसेच पक्के झाले होते. या गाडीने त्याची फारकत केली. ती मुकी असते, पण जागी असते. तिच्या बाबतीत जे अपघात होऊ शकतात, त्यांतील कितीतरी या एका गोष्टीपाशी येऊन पोहोचतात.

आधी थोडी ओळख. साधी हायब्रीड गाडी, म्हणजे टोयोटाने १९९७ साली जपानात आणलेली प्रियस, आपली बॅटरी स्वतःच भरते. इंजिनाच्या जोरावर आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या शक्तीवर. तिला भिंतीतल्या विजेशी देणेघेणे नाही. ‘प्लग-इन’ हायब्रीडची बॅटरी मोठी असते व ती घरच्या विजेवरही भरता येते. उदाहरणासाठी अमेरिकेतली शेव्हरोले व्होल्ट घेऊ, कारण तिच्या गुणदोषांची चर्चा भरपूर झाली आहे. ती डिसेंबर २०१०मध्ये बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. (तिच्या कंपनीचा कारखाना आपल्या तळेगावलाही होता, पण व्होल्ट तेथे कधी तयार झाली नाही.) पहिल्या व्होल्टची बॅटरी १६ युनिटांची, वजनाने दोनशे किलोच्या आसपास, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची, दोन आसनांच्या मधून मागे गेलेली. तिचा दाब साडेतीनशे व्होल्टच्या पुढे. भरलेल्या बॅटरीवर गाडी सुमारे ५६ किलोमीटर जाई. मग पेट्रोलचे इंजिन आपोआप सुरू होई. हे ‘आपोआप’ लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता वीज भरण्याविषयी. लोकांना भीती वाटते ती गाडीच्या तोंडाशी लावायच्या त्या पिस्तुलासारख्या मुठीची, जिला सगळे ‘गन’ म्हणतात. वस्तुतः ती या व्यवस्थेतील सर्वांत शहाणी वस्तू आहे. व्होल्टच्या गनमध्ये पाच पिना असत : दोन विजेच्या, एक अर्थिंगची आणि दोन केवळ बोलण्याच्या. गन नीट बसली, समोर गाडीच आहे, एवढा निरोप पोहोचल्यावाचून वीज सोडलीच जात नाही. काढताना खटका दाबला की आधी प्रवाह थांबतो, मग पिना सुटतात. गन लावलेली असताना गाडी जागची हलत नाही. आपल्याकडे सात पिनांची गन चालते, तत्त्व तेच. त्यामुळे पावसाच्या चार थेंबांनी घाबरण्याचे कारण नाही.

घाबरायचे ते दुसऱ्या टोकाला, भिंतीतल्या सॉकेटला. तेथे बोलण्याची पिन नाही. तेथे आहे बिल्डिंग बांधली तेव्हा वायरमनने बसवलेले पितळ, दहा-पंधरा वर्षांत सैल झालेले. जेथे पिन सैल, तेथे विरोध अधिक, आणि जेथे विरोध, तेथे उष्णता. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट झाला की उष्णता सव्वादोन पट. इतके गणित आपल्यालाही झेपते.

व्होल्टच्या बाबतीत नेमके हेच पुढे आले. घरगुती १२० व्होल्टच्या सॉकेटवर लावायची तिची वायर तापते, अशा तक्रारी आल्या व मार्च २०१२मध्ये कंपनीने सुमारे साडेनऊ हजार वायरी फुकट बदलून दिल्या. पुढच्या, २०१३च्या गाडीत तर एक मजेदार सुधारणा केली : गाडी आपण होऊन ८ अँपिअरच ओढी, १२ हवे असतील तर मालकाने दर खेपेस ते मुद्दाम निवडायचे. गाडीला घरमालकाच्या वायरिंगचा भरवसा नव्हता असाच याचा अर्थ, आणि तो अविश्वास मला तरी योग्य वाटतो.

आपल्याकडे दाब २३० व्होल्ट, म्हणून तेवढ्याच अँपिअरमध्ये जवळपास दुप्पट शक्ती मिळते. हा फायदा खरा. पण सैल पिन अँपिअर ओळखते, व्होल्ट नव्हे. ‘आमच्या सॉकेटवर गीझर चालतो, मग गाडी का चालणार नाही?’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येईल. गीझर वीस मिनिटे चालतो व बंद होतो. गाडी रात्रभर ओढत राहते. वीस मिनिटांत जे सॉकेट कोमट होते, ते सहा तासांत वितळू शकते. तेव्हा मोबाईलच्या लहान तीन-पिनी सॉकेटचा विचारही करू नये. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, १६ अँपिअरचे नवे सॉकेट, त्याचा स्वतःचा एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर, एवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे व अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, हे त्याच्याकडून मोजून घ्यावे. जुन्या इमारतींत अर्थिंगची पिन असते, तिच्यामागे वायर असतेच असे नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तर वर्ज्यच, विशेषतः गुंडाळी न सोडलेला. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडून, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून गाडी भरण्याची कल्पकता आपल्या सोसायट्यांत दिसू लागली, तर आश्चर्य वाटायला नको. पहिल्या काही रात्री तासाभराने सॉकेटला उलटा हात लावून पाहावा. चटका बसला तर भरणे बंद.

पेट्रोलकडे वळू. पेट्रोल ही आपली जुनी ओळखीची, तिच्याशी कसे वागायचे हे काय शिकायचे, असे वाटते. पण या घरात तिचेही वागणे बदलले आहे.

साध्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ सुटत असते. ती कोळशाच्या एका डबीत शोषली जाते, आणि इंजिन चालू झाले की तेथून ओढून जाळली जाते. प्लग-इन गाडीचा मालक रोज घर ते कचेरी विजेवरच गेला, तर इंजिन कित्येक आठवडे चालत नाही. मग ती डबी रिकामी कधी व्हायची? यावर उपाय म्हणून व्होल्टची टाकी हवाबंद व दाब सहन करणारी केली. वाफ आतच कोंडून ठेवायची. यामुळे पंपावर गेल्याबरोबर झाकण फिरवता येत नाही. आधी आतले बटण दाबायचे, दाब उतरेपर्यंत थांबायचे, गाडीने ‘आता भरा’ असे सांगितले की मगच झाकण उघडायचे. प्रेशर कुकरची शिटी उचलल्याशिवाय झाकणाला हात न लावणाऱ्या आपल्या आयांना हे समजावण्याची गरज नाही. पंपावर घाईत असलेल्या त्यांच्या चिरंजीवांना आहे.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या वयाची. न वापरलेले पेट्रोल शिळे होते. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकटा बनतो. व्होल्ट याचा हिशेब ठेवी. सुमारे दीड महिना इंजिन चालले नाही, तर ती ते थोडा वेळ चालवून बघे. आणि पेट्रोल वर्षाहून जुने झाले, तर बॅटरी भरलेली असूनही ते जाळून टाकी. आपल्याकडे २०२५मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. आपल्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले हे चांगलेच, पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. तेव्हा मुख्यतः विजेवर फिरणाऱ्याने टाकी काठोकाठ भरून महिनोन् महिने ठेवू नये. थोडे भरावे, वापरावे, पुन्हा थोडे भरावे. पार कोरडीही ठेवू नये, कारण इंजिन कधी जागे व्हायचे ते पुष्कळदा गाडीच ठरवते.

आणि पंपावरच त्या मुकेपणाची पहिली परीक्षा होते. आवाज नाही, म्हणजे गाडी बंद आहे असे पंपावरचा मुलगा समजतो, मालकही समजतो. बंद आहे की नाही हे कानाने ठरवू नये. समोरच्या फलकावर ‘रेडी’ हा दिवा आहे का ते डोळ्यांनी पाहावे. तो दिसतो तोवर गाडी चालू आहे. गिअर ‘पार्क’मध्ये, बटण दाबून दिवा विझवलेला, आणि मग नळी.

परंतु याहून गंभीर प्रसंग घरात घडतो. व्होल्टच्या २०११ ते २०१३च्या गाड्यांसाठी, अमेरिकेत सुमारे ६४ हजार गाड्यांसाठी, मार्च २०१५मध्ये कंपनीला दुरुस्ती जाहीर करावी लागली. कारण ऐकण्यासारखे आहे. माणूस संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये लावतो. आवाज नाही, म्हणून बटण न दाबताच खाली उतरतो व घरात जातो. गाडी विजेवर जागी राहते. काही तासांनी बॅटरी उतरते आणि आपले ‘आपोआप’ येथे पुढे येते : पेट्रोलचे इंजिन सुरू होते. बंद गॅरेज, शेजारी झोपण्याची खोली, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड. ज्याला रंग नाही, वास नाही, जो झोपलेल्या माणसाला उठवतही नाही. या प्रकारात दोघांना इजा झाल्याचे कंपनीने सांगितले. फार वेळ तशीच राहिल्यास गाडी स्वतः बंद होईल, अशी सुधारणा मग करण्यात आली. तिच्यावर मात्र विसंबू नये. बंगल्याच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या बंदिस्त खोलीत अशी गाडी ठेवणाऱ्याने दिवा विझवल्याशिवाय दार लोटू नये आणि किल्ली लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

रस्त्यावर या मुकेपणाची किंमत पायी चालणारा देतो. आपल्या शहरांत माणसे गाडीकडे बघून रस्ता ओलांडत नाहीत, ऐकून ओलांडतात. अंध व्यक्तींना तर दुसरा मार्गच नाही. म्हणूनच युरोपात जुलै २०२१पासून प्रत्येक नव्या विजेच्या व हायब्रीड गाडीने मंद गतीत कृत्रिम आवाज काढणे सक्तीचे झाले. अमेरिकेतही तसा नियम आहे. ताशी २०-३० किलोमीटरच्या पुढे टायरचाच आवाज पुरतो. ज्यांच्या गाडीत हा आवाज नाही, त्यांनी बाजारपेठेतून आणि शाळेजवळून जाताना समोरच्याला आपण दिसलो आहोत असे पाहूनच पुढे जावे. हॉर्नवरच विसंबणे आपल्याकडे निरुपयोगी आहे. तो कोणी ऐकत नाही.

आत बसणाऱ्या पाहुण्यांना सांगण्यासारखे थोडेच आहे. नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या, तर हात लावू नये; तो रंग उच्च दाबाची खूण आहे. काही गाड्यांत, प्रियसमध्ये उदाहरणार्थ, मागच्या आसनाशेजारी जाळी असते. बॅटरी तेथून श्वास घेते. लग्नाला जाताना तिच्यावर पैठण्यांची बॅग टेकवू नये.

शेवटी अपघात आणि पूर. मे २०११मध्ये अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने व्होल्ट मुद्दाम खांबावर बाजूने आदळवून पाहिली. बॅटरीच्या कप्प्याला इजा झाली, थंड ठेवणारे द्रव गळले. गाडी आवारात नेऊन ठेवली. तीन आठवड्यांनी ती पेटली व शेजारच्या गाड्याही तिने जाळल्या. तीन आठवडे गाडी मुकी होती, बॅटरीत वीज तशीच होती, आणि ती उतरवून ठेवावी हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. पुढे कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि जानेवारी २०१२मध्ये चौकशी संपली. रस्त्यावरच्या अपघातानंतर अशी आग लागल्याचे आढळले नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सँडी वादळाने न्यूअर्क बंदरात समुद्राचे पाणी घुसले, आणि बुडून निघालेल्या फिस्कर कर्मा जातीच्या सोळा प्लग-इन गाड्या जळाल्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ठिणगी मोठ्या बॅटरीत पडली नव्हती. एका गाडीतील साध्या बारा व्होल्टच्या भागात खारट पाणी शिरून शॉर्ट झाला आणि वाऱ्याने आग पसरली. जुलै २००५ची मुंबई किंवा जुलै २०२१चे चिपळूण ज्यांनी पाहिले, त्यांना बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर ‘चालते का बघू’ म्हणून चालू करणारी माणसेही आठवतील. या गाडीचे बटण तेव्हा दाबू नये, गन लावू नये. टोइंगवाल्याला आणि अग्निशामक दलाला ही प्लग-इन आहे, हे आधी सांगावे. अमेरिकी खात्याची सूचना अशी आहे की, फार मोडलेली अशी गाडी इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून पन्नास फूट दूर, उघड्यावर ठेवावी. पुण्या-मुंबईत पन्नास फूट मोकळी जागा शोधणे कठीण, हे खरे. तरी निदान ती जिन्याखाली लावू नये.