विश्लेषण : सीमावाद पेटला की पहिला फटका एसटीलाच का? कोल्हापूर-बेळगाव प्रवासाचे गणित काय?

सकाळी कोल्हापुरातून निघायचे, दुपारपर्यंत बेळगावातील कामे उरकायची आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे. सीमाभागातील हजारो प्रवाशांसाठी हा नेहमीचा शिरस्ता आहे. मात्र दोन राज्यांत ठिणगी पडली की सर्वात आधी थांबते ती बस. असे का होते आणि त्याची झळ कोणाला बसते, याचा आढावा.

वाद नेमका काय?

१९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राच्या मागणीनंतर केंद्राने १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन आयोग नेमला. निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, पण बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे, अशी शिफारस आयोगाने १९६७ मध्ये केली. महाराष्ट्राने हा अहवाल फेटाळला, तर कर्नाटक आजही तोच अंतिम मानतो. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे.

हद्द कुठे लागते?

कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर सुमारे ११० किलोमीटर. महामार्गाने साधारण अडीच ते तीन तास लागतात. कागल सोडले की दूधगंगा नदीचा पूल आणि पुढे कर्नाटकातील कोगनोळी टोल नाका. त्यानंतर निपाणी, संकेश्वर, हत्तरगी करत बस बेळगावात पोहोचते. एरवी इथे ना कोणी ओळखपत्र विचारत, ना बस रिकामी करायला लावत. पाट्यांवरची लिपी बदलली एवढाच काय तो फरक. आंदोलनाच्या दिवशी मात्र याच कोगनोळीत बॅरिकेड लागतात आणि महाराष्ट्रातील नेते-कार्यकर्त्यांना अडवले जाते.

तिकिटात हद्द कशी दिसते?

एसटीने मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला आहे. परंतु या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच. पुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. कर्नाटकची जून २०२३ पासूनची ‘शक्ती’ योजना महिलांना मोफत प्रवास देते, पण ती त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठी आहे. त्यामुळे कोल्हापूरच्या महिलेला हद्दीच्या पुढे दोन्हीकडचा लाभ नाही.

बसच का थांबते?

खासगी मोटारीवर नंबरप्लेटपलीकडे राज्याची खूण नसते. बसवर मात्र महामंडळाचे नाव, रंग आणि भाषा तिन्ही असतात. त्यामुळे राग काढायला ती सोपी ठरते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, तर पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात भाषेच्या वादातून कर्नाटकच्या बसवाहकाला मारहाण झाली. त्यापाठोपाठ चित्रदुर्गजवळ एसटीच्या चालकाला काळे फासले गेले. दोन्ही वेळा महाराष्ट्राने कर्नाटकात जाणारी एसटी सेवा थांबवली.

ही सेवा मुळात परस्परांच्या संमतीवर चालते. मोटार वाहन कायद्यानुसार दोन राज्ये आपसात करार करतात आणि त्यानुसार एकमेकांच्या बसना परवाने देतात. कोणाच्या किती फेऱ्या, हेही त्यातच ठरते. तणावाच्या वेळी चालक-वाहकांच्या सुरक्षेसाठी फेऱ्या रोखल्या जातात. रेल्वेला असा परवाना लागत नाही. म्हणून बस बंद असताना मिरजेहून बेळगावला जाणारी गाडी हा अनेकांचा आधार असतो.

झळ कोणाला बसते?

चंदगड तालुका महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. पण शिनोळीसारख्या सीमेवरच्या गावांना बेळगाव अगदी जवळ आणि जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरवर. त्यांचा दवाखाना, कॉलेज, बाजार सारे बेळगावात. बेळगावातील मराठी कुटुंबांचे सोयरेही कोल्हापूर, गडहिंग्लज, आजऱ्यात. बस थांबली की हे प्रवासी एसटीने कागलपर्यंत येतात, मिळेल त्या वडापने निपाणी गाठतात आणि तिथून कर्नाटकची बस धरतात. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, त्याचा फारसा खोळंबा होत नाही. दंड भरतो तो रुग्ण, विद्यार्थी आणि भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई.

एका दिवसात जायचे तर?

बेळगावचा किल्ला मध्यवर्ती बसस्थानकाजवळच आहे. आतील कमल बस्ती हे जैन मंदिर तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा टिळकवाडीत आहे. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. कपिलेश्वर मंदिर आणि परतताना कुंदा घेणे, एवढे एका दिवसात आरामात होते. लष्करी भाग असल्याने ओळखपत्र जवळ असावे. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन), १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि बेळगावातील विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन या काळात निघण्यापूर्वी आगारात चौकशी केलेली बरी. शेवटच्या बसची वेळही उतरल्याबरोबर विचारून घ्यावी.

तोडगा कुठे अडला?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. निकाल लागेपर्यंत नवे दावे करू नयेत आणि दोन्हीकडच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांनी चर्चा करावी, असे ठरले. त्यानंतरही २०२५ मध्ये बस थांबल्याच. गावे कोणाची, हे न्यायालय ठरवेल. पण तोवर बस सुरू ठेवायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. तणावातही पोलीस संरक्षणात ठरावीक फेऱ्या चालवायच्या, एवढे दोन राज्ये आजच ठरवू शकतात.