फुटबॉलचा बेणेमळा



ऊस कसा येणार ते बेण्यावर ठरते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बेणे निरोगी घ्यावे, खोडव्याचे घेऊ नये, एवढे शेतावरचे पोरही सांगते. फुटबॉलच्या बाबतीत मात्र आपल्या देशाने बेणेमळ्याचा विचार फार उशिरा केला.

मुलांसाठी स्पर्धा नव्हत्या असे नाही. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची शालेय स्पर्धा १९६० साली दिल्लीत सुरू झाली. १९६२ पासून डॉ. बिधानचंद्र रॉय चषकासाठी राज्याराज्यांचे ज्युनियर संघ खेळू लागले. पण हा सारा जत्रेतल्या कुस्तीचा प्रकार. थोड्या दिवसांत निकाल लागायचा आणि हरला तो गुमान घरी यायचा. वर्षभर घाम गाळून पोराच्या वाट्याला सामने किती, तर दोन-चार!

लीगचे तसे नाही. आज हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात असतो. झालेली चूक सुधारायला मोसमभर वाव मिळतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांखालील मुलांची युवा लीग २०१५-१६ च्या मोसमात आणली, पुढे १३ वर्षांखालीलही सुरू झाली.

२०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशा तालमींनी फुटबॉल जपलेले हे शहर. पण या पोराला पुढच्या शिक्षणासाठी पुणे गाठावे लागले. भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल ठरला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर लाखो मुलांनी फुटबॉल खेळले. उपक्रम चांगलाच, पण एका दिवसाच्या पाण्यावर पीक उभे राहत नाही.

आता घाटाखाली जामसंड्याकडे पाहा. भात कापून झाले की शेते मोकळी होतात आणि झिलगे चेंडू घेऊन उतरतात. आंब्याची घाई सुरू होईपर्यंत चांगले दोन-तीन महिने मिळतात. आसपासच्या सहा शाळांनी बाद पद्धतीची स्पर्धा घेतली, तर सामने होतात पाच. तेच प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे ठरवले, तर होतात पंधरा, आणि शेवटच्या नंबरच्या संघालाही पाच सामने मिळतात. खर्च कसला? चेंडू, शिट्टी, चुना आणि एखाद्या शिक्षकाचे रविवार.

ढाली आणि बक्षिसांवर होणारा खर्च थोडा आवरला, तर एवढे कोणत्याही गावाला झेपेल. एकेकाच्या शेअरवर कारखाना उभा करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे मुळीच जड नाही. ज्यांच्या गावात मैदान आहे, त्यांनी येत्या कापणीनंतर शेजारच्या शाळांना बोलवावे. हरलेले पोर पुढच्या रविवारी पुन्हा आले, म्हणजे बेणे रुजले असे समजावे.