आधी ऊन, मग तेल, शेवटी पाणी

बाटलीचं लेबल कसं काढायचं, असं विचारलं की जो तो सांगतो, रात्रभर बादलीत भिजत घाला. सांगणाऱ्याच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार. आमच्या जालन्यात नळाचा नेम नसतो आणि उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लागतात. तिथं रिकाम्या बाटल्यांसाठी बादल्या कोण अडवून ठेवील? शिवाय निम्मी लेबलं पाण्याला दादच देत नाहीत.

मला बाटल्या लागतात त्या मोसंबीच्या स्क्वॅशसाठी. सासरची बाग बदनापूर तालुक्यात आहे. मृग बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, तेव्हा रस काढून ठेवायचा. वाईनची पाऊण लिटरची बाटली याला उत्तम, कारण काच जाड आणि तोंड अरुंद. भंगारवाल्याकडे ती स्वस्तात मिळते. जवळच्या कडवंची गावची द्राक्षं हाताशी असताना वाईनच का करत नाही, असं पाहुणे हटकून विचारतात. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी वाईन करणं हा गुन्हा आहे. म्हणून बाटली वाईनची, आत मोसंबी.

लेबलाशी झटापट करण्याआधी ते कशानं चिकटवलंय ते ओळखावं. नखानं कोपरा उचलून पाहायचा. कागद कोरडा फाटला आणि खाली बोटाला काही चिकटलं नाही, तर खळ किंवा तसलाच पाण्यात विरघळणारा डिंक. बिअरच्या बाटलीची गंमत वेगळी. आमच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरात बिअरचे कारखाने आहेत. रिकाम्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात, म्हणून लेबलाचा डिंकही तसाच हवा. बर्फाच्या पाण्यात सुटायचा नाही, पण धुलाईच्या गरम कॉस्टिकमध्ये झटकन सुटेल. यासाठी दुधातल्या केसिन या प्रथिनापासून केलेला डिंक वापरण्याची जुनी पद्धत आहे. घरी कॉस्टिकच्या वाटेला जाऊ नये, कातडी भाजते. धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी तेच काम जरा सावकाश करतं.

खरा छळ स्टिकरचा. मागचा कागद सोलून चिकटवायचं लेबल अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली बाजारात आणलं. आज जॅमपासून वाईनपर्यंत बहुतेक बाटल्यांवर त्याचेच वंशज बसलेले असतात. यांचा डिंक रबराचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा. तो कधीच पुरता वाळत नाही आणि पाणी त्याच्यात शिरत नाही. त्याला दोन गोष्टी नरम करतात, उष्णता आणि तेल.

उष्णता आमच्याकडे फुकट आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी बाटल्या गच्चीवर आडव्या ठेवायच्या, लेबल वर. तासा-दोन तासांनी फडक्यानं धरून कोपऱ्यापासून हळूहळू, बाटलीला लगटून ओढायचं. हिसका दिला की वरचा पापुद्रा हातात येतो आणि डिंक काचेवर राहतो. पावसाळ्यात हेच काम केस वाळवायच्या ड्रायरनं होतं.

उरलेल्या चिकट राड्यावर तळणीचं उरलेलं तेल चोळावं. आमच्याकडे ते बहुधा सरकीचं असतं, कुठलंही चालतं. मात्र वरचं प्लास्टिक आधी निघालेलं हवं, नाहीतर तेल डिंकापर्यंत पोचतच नाही. अर्ध्या तासात डिंकाच्या वळ्या सुटतात. मग कोरडी राख घेऊन काथ्यानं घासायचं. राखेतला क्षार आणि तेल मिळून थोडासा साबणच तयार होतो. राख नसेल तर खायचा सोडा घ्या. रॉकेल लावा म्हणणारे भेटतात. डिंक निघतो, नाही असं नाही, पण तो वास ज्या घरात शिरतो तिथून लवकर जात नाही.

पाणी आता, तेही तांब्याभर. त्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून एकामागून एक बाटल्या त्याच पाण्यात फिरवायच्या. पातेलं स्टीलचं घ्या; सोड्यानं अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं. आतून धुताना मूठभर ज्वारी आणि थोडं पाणी घालून खळखळवलं की तळाचा गाळ सुटतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर लिंबाच्या रसानं जातो. शेवटी बाटली गार पाण्यात, खाली फडकं घालून ठेवायची आणि मग पाणी उकळायचं. गार काचेवर उकळतं पाणी ओतलं तर ती तडकते.

काही बाटल्या मात्र घेऊच नयेत. अक्षरं काचेवरच छापून भट्टीत पक्की केलेली असतील तर ती निघत नाहीत. फिनेलची किंवा औषध फवारणीची बाटली कितीही धुतली तरी खाण्याच्या कामाची नाही. आमचा कापसाचा मुलूख, शेताच्या बांधावर अशा बाटल्या हव्या तितक्या सापडतात. लेबल फाटलेलं आणि आत काय होतं ते कळत नसेल, तर ती भंगारवाल्याकडेच राहू द्यावी.

माझ्या स्क्वॅशवर नाव-तारखेची चिठ्ठी मी कणकेच्या खळीनं लावते, म्हणजे पुढच्या वर्षी ओल्या फडक्यानं निघते. खळीला झुरळं लागतात, हे खरं. म्हणून खळ अगदी पातळ लावायची आणि बाटल्या फळीवर भिंतीपासून जरा दूर ठेवायच्या.