चार बदाम हातात, पाचवा येईल का?

बदनेऱ्याहून अकोल्याकडे निघालेली पॅसेंजर. चौघांच्या गुडघ्यांवर ताणून धरलेला दुपट्टा, त्यावर रमीचा डाव. एकाच्या हातात बदामची छक्की-सत्ती. पंजी किंवा अठ्ठी आली की रन लागलाच. शेजारचा म्हणतो, "पॅक कर न बाप्पा!" तो मान हलवतो आणि मूर्तिजापूर यायच्या आत ऐंशी गुण अंगावर घेतो.

भिकार पानं टाकायला काही लागत नाही. अवघड असतं ते 'आता लागेलच' असं वाटणारा हात खाली ठेवणं. त्या घडीला कामी येतील अशा सात गोष्टी:

१. चार पानं की दोन?
दोन कॅटच्या रमीत छक्की-सत्तीला दोन्ही टोकं मोकळी. दोन पंज्या, दोन अठ्ठ्या, म्हणजे चार पानं उपयोगाची. छक्की-अठ्ठी धरून बसलात तर मधल्या दोन सत्त्यांवरच भिस्त. एक्का-दुर्रीचंही तेच, फक्त दोन तिर्र्या. त्यातलं एखादं पान पडलेल्या गड्डीत दिसलं की आशा तेवढी कमी करायची.

२. वीस चोक ऐंशी
रमीचा नेहमीचा हिशोब असा: पहिल्या फेरीलाच पॅक केलं तर २० गुण, मध्येच केलं तर ४०, पूर्ण हरलात तर जास्तीत जास्त ८०. म्हणजे चार वेळा शहाणपणानं सोडलेला डाव आणि एकदा हट्टानं ओढलेला डाव यांची किंमत सारखीच. बिनजोकरचा रन लागलेला नसेल, तर हातातली झाडून सगळी पानं मोजली जातात.

३. पोकरमधला मोह
हातात दोन बदाम, टेबलावरच्या तीन उघड्या पानांत आणखी दोन. कॅटमध्ये बदाम १३, म्हणजे उरले ९; न दिसलेली पानं ४७. पुढच्याच पानाला पाचवा बदाम येण्याची शक्यता १९ टक्के, पुढची दोन्ही पानं मिळून ३५ टक्के. आता पैसे पाहा. समोरच्याची बोली धरून मध्ये ३०० रुपये आहेत आणि तुम्हाला १०० टाकायचेत. तोटा नको असेल तर निदान २५ टक्के संधी हवी. शंभरात एकच पान बघायला मिळणार असेल, तर चार बदाम असूनही हात सोडावा. दोन्ही मिळणार असतील तर थांबावं. पुढे अजून बोली लागणार असेल, तर तीही आधीच हिशोबात धरायची.

४. सगळ्यात मजबूत 'अर्धवट' हात
त्याच चार बदामांसोबत दोन्ही टोकांनी मोकळा रनही असेल, तर १५ पानं कामाची ठरतात आणि दोन पानांत काम होण्याची शक्यता ५४ टक्क्यांवर जाते. हा हात अजून बनलेलाही नसतो, तरी एखाद्या तयार जोडीला भारी पडू शकतो.

५. तीन पत्तीत वाट पाहणं नाही
इथे नवं पान येतच नाही. तीन पानांचे हात २२,१०० प्रकारचे होतात. त्यांत ट्रेल (एकाच आकड्याची तीन पानं) ५२, म्हणजे ४२५ हातांत एक. गंमत अशी की एकाच रंगाचा रन ४८च, ट्रेलपेक्षाही दुर्मीळ, तरी मान ट्रेललाच. आणि जवळपास तीन चतुर्थांश हातांत साधी जोडीसुद्धा नसते. पोळ्याच्या करीला पारावर डाव रंगतो, तेव्हा हे आठवावं.

६. कपाशीच्या भावातून मटका
वऱ्हाडाच्या पांढऱ्या सोन्याशी नातं सांगणारा हा जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत तारेनं येत, त्यांवर लोक पैसे लावत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं आणि मडक्यातून आकडे निघू लागले. मटक्यात पॅक नसतो. आकडा लावला की हातात काहीच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, त्यामागे हाच फरक होता: रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं ते ठरवावं लागतं. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानं मात्र ऑनलाइन पैशांच्या खेळांवर सरसकट बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

७. वऱ्हाडचा जावई मोजायला शिकला
विदर्भकन्या दमयंतीचा नवरा नळ. तिचं माहेर कुंडिनपूर, म्हणजे परंपरेनं अमरावती जिल्ह्यातलं वर्धाकाठचं कौंडण्यपूर. नळ फाशांत राज्य, खजिना, सगळं हरत गेला. मंत्र्यांनी विनवलं, दमयंतीनं विनवलं, तो उठला नाही. समोर खेळणाऱ्या पुष्करानं दमयंतीलाच पणाला लावायला सांगितलं, तेव्हा मात्र तो अंगावरच्या एका वस्त्रानिशी उठला. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन कुंडिनपूरला निघाला असता वाटेत बेहड्याचं झाड लागलं. राजानं नुसत्या नजरेनं फांद्यांवरची फळं सांगितली: २,०९५. नळानं झाड पाडून मोजली, तर तेवढीच भरली! हीच विद्या, अक्षहृदय, शिकून तो परतला आणि एकाच डावात राज्य परत जिंकला. संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५च्या ग्रंथात इयन हॅकिंग यांनीही या प्रसंगाची दखल घेतली आहे.

त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. मेळघाटात बेहडा आजही आहे. पुढच्या वेळी छक्की-सत्ती हातात येईल आणि मन 'थांब' म्हणेल, तेव्हा ऋतुपर्णासारखी आधी फळं मोजा. चार भरली तर खुशाल थांबा. एकच उरलं असेल, तर मूर्तिजापूर यायच्या आधीच पानं दुपट्ट्यावर पालथी ठेवा.