मोबाइल गेमनिर्मिती : साधनांची निवड आणि तिचे अर्थकारण

भ्रमणध्वनीवरील खेळ तयार करण्यासाठी कोणती संगणक भाषा निवडावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो गुंतवणुकीचाही निर्णय आहे. अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट वापरल्यास एकच खेळ बव्हंशी दोनदा लिहावा लागतो. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी ‘गेम इंजिन’ वापरतात. चित्र, हालचाल व ध्वनी यांची तयार व्यवस्था त्यात असते. इंजिन ठरले की भाषाही बहुतांशी ठरते : युनिटीसाठी सी शार्प, अनरिअलसाठी सी प्लस प्लस, तर गोडोसाठी प्रामुख्याने जीडीस्क्रिप्ट.

या सोयीबरोबर अवलंबित्वही येते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या खेळांवर प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले. खेळ मोफत देऊन जाहिरातींवर चालणाऱ्या निर्मात्यांचा खर्च त्यामुळे उत्पन्नाऐवजी इन्स्टॉलच्या संख्येशी जोडला जाणार होता. तीव्र विरोधानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क रद्द झाले. तथापि, अर्धा तयार झालेला खेळ दुसऱ्या इंजिनवर नेणे किती खर्चिक असते, हे या घटनेने दाखवून दिले. अर्थशास्त्रात यालाच ‘बदलाचा खर्च’ म्हणतात.

अनरिअल एका खेळाच्या १० लाख डॉलरपुढील उत्पन्नावर सर्वसाधारणपणे ५ टक्के स्वामित्वशुल्क घेते. २०१४ मध्ये मुक्तस्रोत झालेल्या गोडोवर असे शुल्क नाही. मात्र त्याची तयार साधनसामग्री तुलनेने मर्यादित आहे. म्हणूनच अल्प भांडवलाच्या उद्योजकाने भाषेच्या सुलभतेइतकाच परवान्याच्या अटींचाही विचार करणे हिताचे ठरते.