मालाची वाट – भाग ९ : परका ट्रेलर

गेल्या आठवड्यात बोटीवरून उतरलेला कंटेनर आपण धक्क्यावर सोडला होता. आज त्याला यार्डातून फाटकाबाहेर काढायचं आहे. अंतर म्हणाल तर फार तर एक-दोन किलोमीटर. पण महासागर ओलांडून वेळेवर आलेल्या मालाचा खोळंबा होतो तो पुष्कळदा याच पट्ट्यात. आपोआप चालणाऱ्या यंत्रांनाही गेली तीस वर्षं सर्वांत जास्त दमवलंय ते याच पट्ट्याच्या शेवटच्या टोकाने.

आपोआप चालणारं बंदर म्हटलं की हल्ली चीनमधल्या चित्रफिती डोळ्यांपुढे येतात. शांघायजवळचं यांगशान किंवा छिंगदाओ, माणूस नसलेलं यार्ड आणि रात्रीच्या अंधारात निमूट फिरणाऱ्या गाड्या. ही दोन्ही टर्मिनलं २०१७ची. मूळ गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधीची आणि युरोपातली आहे. रॉटरडॅम बंदरात, समुद्रात भराव घालून तयार केलेल्या मास्व्लाक्टे या भागात, १९९३ साली ईसीटी कंपनीचं डेल्टा टर्मिनल सुरू झालं. ते बांधलं गेलं सी-लँड या जहाज कंपनीसाठी, म्हणजे आपल्याला पहिल्या भागात भेटलेल्या माल्कम मॅक्लीन यांनी स्थापन केलेल्या कंपनीसाठी. (तोवर ते स्वतः तिथून केव्हाच बाहेर पडले होते.) धक्क्यावरची क्रेन इथे माणूसच चालवायचा. पण तिने उतरवलेला कंटेनर घेऊन यार्डाकडे जाणाऱ्या गाडीला ना चालक होता, ना त्याच्यासाठी केबिन. जमिनीत पुरलेल्या खुणांच्या आधाराने ती आपली जागा ओळखत पुढे सरकायची. या गाड्यांना सगळं जग एजीव्ही म्हणतं. यार्डात कंटेनर उचलून थप्पीला लावणारी क्रेनसुद्धा अशीच माणसाविना चालायची.

आणि मग कंटेनर न्यायला बाहेरचा ट्रक आला की? तिथे पुन्हा माणूस. डेल्टा टर्मिनलवर थप्पी आणि ट्रक यांच्यामधली देवघेव स्ट्रॅडल कॅरिअर करायचे. उंच पायांची, कंटेनर पायांमध्ये धरून चालणारी ही गाडी, आणि तिच्या माथ्यावरच्या केबिनमध्ये चालक. समुद्राकडून थप्पीपर्यंतची सगळी साखळी यंत्रांच्या हाती दिल्यावर त्या अभियंत्यांनी शेवटच्या कडीवर माणूस बसवला. त्यांचा तो निर्णय शहाणपणाचा होता असं मला वाटतं. का, ते समजून घ्यायचं तर ट्रक उभा राहतो त्या जागेकडे जरा जवळून बघायला हवं.

आधी थप्पी. अशा टर्मिनलमध्ये थप्प्यांचे लांबच लांब पट्टे धक्क्याशी काटकोनात आखलेले असतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी रूळ आणि रुळांवर क्रेन. पट्ट्याचं एक टोक समुद्राकडे, तिथे एजीव्ही येतात. दुसरं टोक जमिनीकडे, तिथे ट्रक मागे मागे येत उभे राहतात. मधल्या भागात माणसाला मज्जाव. कंटेनर कुठे आहे हे क्रेनला माहीत असतं, कारण तो तिनेच किंवा तिच्या जोडीदारणीने तिथे ठेवलेला असतो. रात्री काम कमी असताना उद्या बाहेर जाणारे कंटेनर खालून वर, मागून पुढे आणून ठेवण्याची उलथापालथही ती करते. हॅम्बुर्गच्या आल्टनवेर्डर टर्मिनलवर (२००२) एकाच पट्ट्यावर एक लहान आणि एक मोठी क्रेन स्वतंत्र रुळांवर ठेवली आहे, इतकी मोठी की ती लहान क्रेनच्या वरून निघून जाते. दोघी एकमेकींची वाट अडवत नाहीत. बघायला मिळाली तर ही करामत जरूर बघावी.

या बंद जगात सगळं मोजलेलं असतं. कंटेनर २० किंवा ४० फुटी, रुंदी ८ फूट, आठही कोपऱ्यांना ओतीव पोलादाचे ठोकळे आणि ठोकळ्यांना ठरलेल्या मापाची भोकं. वरच्या आणि खालच्या बाजूचं लांबट भोक साधारण १२४ मिलिमीटर लांब आणि ६३-६४ मिलिमीटर रुंद. क्रेनच्या पकडीची चार बोटं वरच्या भोकांत शिरतात आणि फिरून अडकतात. ट्रेलरवर ठेवताना उलटा प्रकार: ट्रेलरच्या चार ट्विस्टलॉकवर (फिरवून अडकवायच्या खुंट्यांवर) खालची चार भोकं एकाच वेळी बसली पाहिजेत. क्रेनला टांगलेला ३० टनांचा कंटेनर वाऱ्यात विहिरीतून वर येणाऱ्या घागरीसारखा डुलत असतो, आणि तो बसवण्यात ढिलाई चालते फक्त बोटभर.

थप्पीत हे जमतं, कारण खालचा कंटेनर हलत नाही. एजीव्हीवरही जमतं, कारण प्रत्येक एजीव्ही एकाच साच्यातली असते आणि कुठे उभं राहायचं हे तिला तीच संगणक प्रणाली सांगते जी क्रेनला हुकूम देते. बाहेरून आलेला ट्रेलर यांपैकी कशातच बसत नाही. त्याचा सांगाडा कुठल्या कारखान्यातला, उंची किती, लॉक कुठे, एका बाजूची हवा कमी आहे का, कशाचाच भरवसा नाही. चालकाने मागे घेताना तो जरासा तिरका लावलेला असतो. वजन पडायला लागलं की त्याचे पाटे दबतात आणि जे मोजलं होतं ते बदलतं. आत सोडायला आलेल्या कंटेनरचा धोका आणखी वेगळा. चारपैकी एखादं लॉक उघडायचं राहिलं असेल तर क्रेन कंटेनरबरोबर अख्खा ट्रेलर उचलू लागते. जगभरच्या बंदरांमध्ये हा अपघात इतका ओळखीचा आहे की ट्रेलरची चाकं जमिनीवरून सुटतायत का हे बघण्यासाठी लेझरची खास यंत्रणा बसवतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, तिथे एक माणूस असतो. कुठल्यातरी वाहतूकदाराचा चालक, बंदराच्या पगारावर नसलेला, कदाचित पहिल्यांदाच आलेला, कदाचित तिथली भाषा न कळणारा. तो केबिनमध्ये बसून राहील, की लॉक बघायला खाली उतरून नेमका कंटेनरखाली वाकेल?

हॅम्बुर्गने यावर जो तोडगा काढला तो पुढे बऱ्याच ठिकाणी गेला. क्रेन कंटेनर घेऊन पट्ट्याच्या टोकापर्यंत स्वतःहून येते, ट्रकच्या वर थांबते, आणि तिथून खालचे शेवटचे काही मीटर इमारतीत बसलेला ऑपरेटर कॅमेऱ्यात बघून हाताने उतरवतो. काम थोडक्या वेळाचं असल्याने एकच ऑपरेटर अनेक क्रेनना पुरतो. एकाचं बसवून झालं की पडद्यावर दुसऱ्या क्रेनचं चित्र येतं. मास्व्लाक्टेच्या पुढच्या भरावावर २०१५ साली सुरू झालेल्या टर्मिनलांवर चालकासाठीही शिस्त आखलेली आहे. ट्रक लावायचा, केबिनमधून उतरायचं, शेजारच्या ठरलेल्या जागी जाऊन ओळख पटवायची आणि आपण सुरक्षित उभे आहोत हे यंत्राला कळवायचं. ते कळल्याशिवाय क्रेन कामाला लागत नाही. सगळा डामडौल यंत्रांचा, आणि त्याला सुरुवात करून देणारा माणूस ट्रकवाला!

समुद्राकडच्या टोकालाही एक गाठ होती, ती वाट बघण्याची. एजीव्ही कंटेनर घेऊन पट्ट्यापाशी पोहोचायची आणि क्रेन दुसरीकडे गुंतलेली असली तर पाठीवर ओझं घेऊन तशीच उभी राहायची. ती अडकली की धक्क्यावरची क्रेन अडकली, आणि क्रेन अडकली की बोट. मास्व्लाक्टेच्या नव्या टर्मिनलांनी त्यावर केलेला उपाय इतका साधा आहे की तो आधी कसा सुचला नाही याचं नवल वाटतं. पट्ट्याच्या टोकाला पोलादी घोड्या उभ्या केल्या आणि एजीव्हीच्या पाठीला उचलायची ताकद दिली. गाडी घोडीखाली शिरते, कंटेनर घोडीवर टेकवते आणि निघून जाते. क्रेन आपल्या सवडीने येऊन उचलते. दोघांना एकाच क्षणी एकाच ठिकाणी हजर राहायची गरज उरली नाही. म्हणजे कमी यंत्रांत तेवढंच काम. ट्रकवाल्याला मात्र ही मुभा नाही. त्याला तिथेच उभं राहावं लागतं, म्हणून बंदरं त्याला आधीच वेळ नेमून देतात. अमुक वाजता ये, म्हणजे तुझा कंटेनर वर काढून ठेवतो. वाटेत कोंडी लागली की सगळा बेत ओम फस.

एवढा खटाटोप करून काय मिळतं? मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ साली मांडलेला हिशेब विचारात पाडणारा आहे. आपोआप चालणाऱ्या बंदरांचा चालवण्याचा खर्च १५ ते ३५ टक्क्यांनी उतरतो हे खरं, पण त्यांची उत्पादकताही ७ ते १५ टक्क्यांनी उतरते. यंत्र दमत नाही, चहाला जात नाही, पण अडचण आली की कुशल क्रेनचालक जशी वाट काढतो तशी त्याला काढता येत नाही, ते थांबतं. कामगारांची नोकरी जाण्याची भीती अर्थात वेगळ्या हिशेबातून येते. अमेरिकेच्या पूर्व आणि मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावरच्या बंदरांत ऑक्टोबर २०२४च्या पहिल्या तीन दिवसांत संप झाला. पगारवाढीवर चटकन जमलं, पण यंत्रांचा प्रश्न जानेवारीपर्यंत घोळत राहिला.

आता आपल्याकडे. मोठ्या प्रमाणावर अशी यंत्रणा घेऊन उभं राहिलेलं आपलं बंदर म्हणजे केरळातलं विळिंजम. २०२४च्या जुलैत तिथे पहिली मालवाहू बोट चाचणीसाठी आली आणि २ मे २०२५ रोजी बंदराचं रीतसर उद्घाटन झालं. यार्डातल्या क्रेन आपोआप चालतात, धक्क्यावरच्या क्रेन नियंत्रण कक्षातून हाताळतात, आणि तिथे क्रेनचं काम करणाऱ्यांत स्थानिक मच्छीमार कुटुंबांतल्या मुलीही आहेत. कौतुक व्हायलाच हवं, झालंही. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. विळिंजम हे मुख्यतः एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर माल चढवण्याचं बंदर आहे. कंटेनर समुद्राकडून येतो आणि समुद्राकडेच जातो. परक्या ट्रेलरची कटकट तिथे सुरुवातीला जवळजवळ नव्हतीच.

न्हावा शेव्यात ती रोजची आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातला माल रेल्वेने उत्तरेकडे जातो, आजूबाजूच्या सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये) जातो, थेट कारखान्यात जातो. रस्त्याने जाणारा प्रत्येक कंटेनर कुणातरी वाहतूकदाराच्या ट्रेलरवर बसतो, आणि या धंद्यात दोन-चार गाड्यांचे मालक पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना एका मापात आणि एका वेळापत्रकात बसवणं क्रेनला शहाणं करण्यापेक्षा अवघड. म्हणून इथली सुधारणा कागदाच्या बाजूने झाली, आणि माझ्या मते ते ठीकच झालं. २०१६च्या जुलैपासून बंदरातल्या कंटेनरना आरएफआयडीचा टॅग लागतो. फाटकावर, टोलनाक्यावर, सीएफएसमध्ये तो आपोआप वाचला जातो आणि माल कुठे पोहोचला हे मालकाला घरबसल्या दिसतं. कंटेनर उचलणारा माणूस तोच, पण कंटेनर कुठे आहे हे विचारायला चार फोन करणारा माणूस वाचला.

प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला, गोदामाच्या धक्क्यावर, हाच पेच लहान मापात भेटतो. युरोपात ट्रक आपोआप भरणारे धक्के बऱ्याच वर्षांपासून आहेत. १३.६ मीटरच्या ट्रेलरमध्ये ३३ पॅलेट बसतात. ती सगळी धक्क्यावर आधीच मांडून ठेवतात आणि ट्रक लागला की साखळ्यांवरून किंवा रुळांवरून एकदमच आत सरकवतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम काही मिनिटांत होतं. मात्र त्यासाठी ट्रेलरच्या तळातही तशीच यंत्रणा हवी. म्हणून हे धक्के दिसतात ते एकाच कंपनीचा कारखाना आणि तिचंच गोदाम यांच्यामध्ये, जिथे तीच वाहनं दिवसभर खेपा घालतात. गाडी आपली असेल तर यंत्र खूश.

गाडी परकी असेल आणि आत पॅलेटही नसतील, नुसती खोकी छतापर्यंत रचलेली असतील, तर? परदेशातून आलेले पुष्कळ कंटेनर असेच भरलेले असतात, कारण पॅलेट जागा खातं. अमेरिकेतल्या बोस्टन डायनॅमिक्सने त्यासाठी स्ट्रेच नावाचा यंत्रमानव केला. चाकांच्या बैठकीवर एक लांब हात आणि हाताला हवा ओढून खोकं धरणारी पकड. सुमारे २३ किलोपर्यंतचं खोकं तो उचलतो आणि मागच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवतो. डीएचएलने त्याला अमेरिकेतल्या गोदामांत कामाला लावलं आहे. तो धक्क्याच्या कडेवर अडत नाही, सरळ कंटेनरच्या आत शिरतो. ट्रेलर कुणाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. या लेखात आलेल्या सगळ्या यंत्रांत परक्या गाडीशी सर्वांत चांगलं जमवून घेणारं यंत्र हेच दिसतं.

भिवंडीच्या गोदामांत त्याला काय करता येईल हा मात्र वेगळा विषय. तिथे नव्या गोदामांना ट्रकच्या तळाच्या उंचीचे धक्के आणि मधली फट सांधणारे हलते पूल आले आहेत, जुन्या गाळ्यांत ट्रक सपाट जमिनीवर उभा राहतो, आणि खोकी, गोणी, ड्रम, टाइल्स सगळं एकाच कंटेनरमधून निघू शकतं. ते उतरवतात माथाडी. त्यांची मजुरी, त्यांचं मंडळ आणि कुठला माल कुणी उतरवायचा याचे नियम १९६९च्या माथाडी कायद्यापासून आलेले आहेत, आणि त्या कायद्याची कथा सांगायला एक स्वतंत्र भाग लागणार आहे. तो पुढच्या आठवड्यात.