संकेतस्थळाचे नामकरण आणि व्यापारचिन्हाचा कायदा

दवाखान्याच्या पाटीवरील नावाचा आपण फारसा काथ्याकूट करीत नाही. धन्वंतरी, चरक, संजीवनी ही नावे आपल्या परंपरेतूनच येतात. शेगाव जवळ असल्याने आपल्या भागात ‘गजानन’ हे नावही भक्तिभावाने दिले जाते. नांदुऱ्यात एक ‘संजीवनी’ आणि खामगावात दुसरी असली, तरी सहसा कोणाचे काही बिघडत नाही. कारण रुग्ण पाटी पाहून नव्हे, तर वैद्य पाहून येतो. मात्र तेच नाव घेऊन संकेतस्थळ काढले आणि त्यावरून औषधांची मागणी स्वीकारू लागलो, की परिस्थिती पालटते. तेथे वैद्य दिसत नाही, केवळ नाव दिसते. म्हणूनच डोमेन नेम, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, निवडताना दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचा भंग कसा टाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नोंदणी म्हणजे हक्क नव्हे

डोमेन नेम ‘जो प्रथम येईल त्याला’ या तत्त्वावर दिले जाते. नोंदणी करणारी कंपनी नेमक्या त्याच अक्षरांचा पत्ता शिल्लक आहे की नाही, एवढेच पाहते. ते नाव कोणाचे व्यापारचिन्ह आहे काय, हे ती तपासत नाही. सबब ‘पत्ता मिळाला, अर्थी नाव आपले झाले’ हा समज चुकीचा आहे.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. चिन्ह नोंदलेले असेल, तर त्याचा धारक भंगाचा दावा लावू शकतो. नोंदलेले नसले, तरी आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची आहे असे भासविण्याविरुद्धचा, ‘पासिंग ऑफ’ म्हणून ओळखला जाणारा, दावा कलम २७(२) नुसार खुला राहतो.

तीन निकाल, एकच कसोटी

पहिला निकाल औषधाच्या नावाचाच आहे. ‘अमृतधारा’ हे औषध १९०१ पासून लाहोर येथून विकले जात असे. ‘लक्ष्मणधारा’ या नावाने तशाच औषधाची विक्री १९२३ पासून होत होती व त्या नावाच्या नोंदणीसाठी १९५० मध्ये अर्ज झाला. ‘अमृताची धारा’ आणि ‘लक्ष्मणाची धारा’ यांचे अर्थ भिन्न आहेत, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अमान्य केला. सामान्य बुद्धीचा, अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक नावाची फोड करून व्युत्पत्ती पाहत नाही. एकूण रचना, उच्चार आणि औषधाचे स्वरूप यांवरून तो ओळख पटवितो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तथापि ‘अमृतधारा’वाल्यांनी दीर्घकाळ हरकत न घेतल्याने ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती मान्य झाली.

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, १९९९ सालचा. ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा तो वाद होता. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून आपले नाव सिद्ध झाले, असे प्रतिवादींचे सांगणे होते. न्यायालयाने ते स्वीकारले नाही आणि डोमेन नेमला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण दिले.

तिसरा निकाल २००४ चा. सत्यम इन्फोवे कंपनीचे ‘सिफी’ हे नाव होते; प्रतिपक्षाने ‘सिफीनेट’ हा पत्ता एक ‘फ’ वाढवून नोंदला होता. संचालकांच्या आद्याक्षरांवरून नाव घेतले, हे स्पष्टीकरण येथेही टिकले नाही. डोमेन नेमसाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी त्यास पासिंग ऑफच्या तत्त्वाने संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

तिन्ही निकालांतील कसोटी एकच आहे. नाव आपण कोठून घेतले, हे गौण; पाहणाऱ्याची गल्लत होईल काय, हे मुख्य. १९६२ मध्ये एका राज्याची सीमा आखून तोड काढता आली. संकेतस्थळ मात्र नांदुऱ्यात उघडते तसेच नागपुरात आणि नैरोबीतही उघडते. तेथे अशी वाटणी करणे दुष्कर आहे.

औषधांच्या नावांबाबत तर अधिक काटेकोरपणा अपेक्षित आहे. कॅडिला प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की औषधाच्या नावातील गोंधळ आरोग्यावर बेततो. नामसाधर्म्यामुळे रुग्णाने भलतेच औषध मागविले, तर हानी केवळ व्यापाराची होत नाही.

कोणती नावे सर्वांची?

च्यवनप्राश, त्रिफळा चूर्ण यांसारखी शास्त्रोक्त नावे ही औषधांची नावे आहेत. त्यांवर कोणाचीही मक्तेदारी नाही. अगरबत्तीसाठी घेतलेल्या ‘रामायण’ या नावाबाबत, धर्मग्रंथाच्या नावावर कोणी एकट्याने हक्क सांगू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. परंतु अशा नावांना दुसरी बाजूही आहे: जे नाव सर्वांचे, त्याचा वापर आपणही इतरांना रोखू शकत नाही.

निवड करताना

१) केंद्र शासनाच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध विनाशुल्क घेता येतो. औषधांसाठी वर्ग ५, वैद्यकीय सेवेसाठी वर्ग ४४ आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी वर्ग ३ पाहावा. शब्दशोधाबरोबर उच्चारशोधही अवश्य करावा, कारण एकच मराठी शब्द रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिला जातो. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही मिळतो. त्यासही हीच दक्षता लागू आहे.

२) नोंद न आढळल्यास तेवढ्यावर विसंबू नये. न नोंदलेली, पण बाजारात रूढ असलेली नावेही पाहावीत.

३) प्रसिद्ध कंपनीच्या नावास ‘आयुर्वेद’, ‘केअर’ किंवा गावाचे नाव जोडल्याने ते आपले होत नाही.

४) स्वतःचे आडनाव व गाव यांचा प्रामाणिक वापर हा बहुधा सुरक्षित मार्ग होय. स्वतःच्या नावाच्या सद्भावपूर्वक वापरास कलम ३५ चे, तर आधीपासूनच्या अखंड वापरास कलम ३४ चे संरक्षण आहे. जुनी बिले, लेबले व परवाने जपून ठेवावेत. वापराचा पुरावा तोच.

५) निवडलेले नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावे. व्यक्तीस ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण होते.

नोटीस आल्यास

नोटिशीकडे दुर्लक्ष करू नये. ‘.इन’ पत्त्यांचे वाद २००५ च्या धोरणानुसार लवादापुढे जातात, ‘.कॉम’साठी १९९९ चे आंतरराष्ट्रीय धोरण आहे. दोन्हींत मुख्यत्वे तीन गोष्टी पाहतात: नाव गल्लत होण्याइतके सारखे आहे काय, धारकाचा त्यावर रास्त हक्क आहे काय, आणि हेतू अप्रामाणिक होता काय. निर्णय विरुद्ध गेल्यास पत्ता रद्द होतो किंवा तक्रारदाराकडे जातो.

तोवर तो पत्ता औषधचिठ्ठीवर, लेबलांवर आणि रुग्णांच्या स्मरणात बसलेला असतो. नव्या नावाने ती ओळख पुन्हा उभी करण्यास वर्षे लागतात. नावाचा शोध घेण्यास मात्र एक दुपार पुरते. वैद्यबंधू-भगिनींनी ती दुपार पैसे भरण्यापूर्वी खर्च करावी, एवढीच विनंती.